खिळे विसरलेली कंपोझिटर

दुकानदाराने डबा उघडूनसुद्धा पाहिला नाही. रिक्षात मांडीवर धरून नेलेला माझा कॉम्प्युटर त्याने काउंटरवर ठेवू दिला, मागची चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "आजी, याचं आयुष्य संपलं."

मी म्हटलं, माझं अजून संपलेलं नाही, आणि हा माझ्यापेक्षा साठ वर्षांनी लहान आहे. तो हसला. मी हसवायला बोलले नव्हते. मग त्याने समजावून सांगितलं की यातल्या विंडोजला कंपनीने आता दुरुस्त्या देणं बंद केलंय, नवी विंडोज या यंत्रावर चढत नाही, तेव्हा हा भंगारात द्यावा आणि नवीन घ्यावा. मी विचारलं, बिघडलंय काय? तो म्हणाला, तसं बिघडलेलं काही नाही, फक्त जुना झालाय. बिघडलेलं काही नाही आणि भंगारात द्या. माझ्या घरातला पाटा माझ्या सासूच्या सासूचा आहे, त्याला अजून कोणी असं बोललेलं नाही.

"एवढं काय आहे यात?" त्याने विचारलं. "नातवंडांचे फोटो का?"

बाई म्हातारी झाली की तिच्याजवळ नातवंडांच्या फोटोंशिवाय काही नसतं, असं या लोकांनी ठरवून टाकलंय. त्याला मी उत्तर दिलं नाही. डबा उचलला आणि घरी आले. इथे मात्र सांगते.

मी कंपोझिटर होते. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली. पंधराव्या वर्षी नाशकात मेनरोडच्या मागच्या बोळातल्या एका छापखान्यात खिळे धुवायला लागले. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. छापून झालं की ती रॉकेलने धुवायची आणि ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायची. वर्षभरात कुठल्या खणात काय आहे हे न बघता हाताला कळायला लागलं, तेव्हा मालकाने जुळवायला बसवलं. लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, निवडणुकीची पत्रकं, सोसायट्यांचे अहवाल, एखाद्या हौशी मास्तरांचा कवितासंग्रह. शाळा माझी चौथीची, पण वकिलांची, पुढाऱ्यांची आणि प्राध्यापकांची मराठी चाळीस वर्षं एकेक अक्षर करून माझ्या बोटांखालून गेलेली आहे. कोण कुठे चुकतो ते मला ठाऊक आहे. पुढे खिळे गेले आणि मालकाने कॉम्प्युटर आणला. बाकीच्या कंपोझिटरांनी, ते सगळे पुरुष होते, हात वर केले. मी बसले. टाइपरायटरचा कळफलक पाठ केला आणि कामाला लागले. छापखाना बंद झाल्यावर घरी कामं घ्यायला हा कॉम्प्युटर घेतला. छापखान्यात वापरायचो ते मराठी अक्षरांचे फाँट मालकाने स्वतः त्यात घालून दिले.

आणि या कॉम्प्युटरवर आक्काचं पुस्तक होतं.

आक्का आमच्या गल्लीत दोन घरं सोडून राहते. वय ऐंशीच्या घरात. ती बौद्ध, मी नाही, पण शेजार तीस वर्षांचा आहे आणि भांडणं दोघींनी सारखीच केली आहेत. निफाडकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन ती नाशिकरोडला आली. बरीच वर्षं बांधकामांवर विटा वाहिल्या, नंतर एका शाळेत झाडलोट केली आणि तिथून निवृत्त झाली. शाळेत झाडू मारायला गेली तेवढीच, शिकायला कधी गेली नाही. साठी उलटल्यावर विहारातल्या बायकांनी तिला अक्षरं शिकवली. सही करते, दुकानांच्या पाट्या वाचायची. एकदा माझ्याकडे बसली असताना म्हणाली, "साऱ्या गावाचं छापलंस. आता माझं छाप."

मी हो म्हटलं. दोन हिवाळे, रोज दुपारी, ती सांगायची आणि मी टाइप करायची. एकशे दहा पानं झाली. विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. त्यातली सुरुवातीचीच एक संध्याकाळ आपल्या पुस्तकाची असावी, एवढीच तिची इच्छा होती, आणि तिथल्या मंडळींनी मानही डोलावली होती. मग तिला झटका आला. हातपाय वाचले. नजर आधीच काचबिंदूने गेलेली होती. जुनं तिला आठवतं, पण धागा धरून सांगता येत नाही. कोणी काढून दिलं की ओळखते, 'तूच सांग' म्हटलं की गप्प बसते. तेव्हा तिने जे सांगितलं होतं ते तेवढंच होतं, पुन्हा मिळायचं नव्हतं, आणि ते होतं या डब्यात. डबा आता पुस्तक उघडायला चहा थंड होईपर्यंत वेळ घ्यायचा आणि निम्म्या वेळा मध्येच बंद पडायचा. कागदावर काढून ठेवायचं म्हटलं तर माझा प्रिंटर वर्षापूर्वीच गेला होता, आणि मला वाटलं पूर्ण झाल्यावर एकदमच काढू. हा शहाणपणा माझाच.

मागच्या गल्लीत एक भाऊ राहतात. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात जन्म गेला त्यांचा. निवृत्त झाल्यापासून लोकांच्या मिक्सरपासून पंपापर्यंत काहीही उघडून बसतात. दुकानदाराचं मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, ताई, यंत्र उत्तम आहे, फक्त यावर विंडोजच्या जागी लिनक्स बसवायचं. ते काय असतं, मी विचारलं. त्यांनी सांगितलं की ही एक प्रणाली आहे, जगभरातल्या हजारो लोकांनी मिळून लिहिलेली, तिच्या आत काय आहे ते कोणालाही वाचता येतं, बदलता येतं, पुढे देता येतं, तिला कुलूप नाही. पेनड्राइव्हवर मावते. जुन्या यंत्रावर नव्यासारखी चालते.

"मग दुकानदाराने का नाही सांगितलं?"

"त्याला त्यात काय मिळणार?" भाऊ म्हणाले.

तेव्हापासून जो माझा पारा चढला तो अजून उतरलेला नाही. असा एक रस्ता आहे, वर्षानुवर्षं आहे, आणि डबा घेऊन दारात आलेल्या बाईला तो कोणी दाखवत नाही. 'आयुष्य संपलं' म्हणतात. वैद्याने असं केलं असतं तर त्याला लोकांनी गल्लीत फिरू दिलं नसतं.

भाऊंना मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला जायचं होतं. त्यांनी पेनड्राइव्ह तयार करून दिला, चौकटीच्या कागदावर कारखान्यातल्या माणसाच्या सुबक अक्षरात पायऱ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, महिन्याने येतो, तोवर हात लावू नका. वर्षावास सुरू व्हायला दोन महिने राहिले होते. कोणी पुण्याहून येईल म्हणून मी आजवर काही थांबवलेलं नाही. ते गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी जेवण उरकून बसले.

पहिली पायरी होती, आपल्या सगळ्या फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवा, कारण आतली डिस्क पुसली जाणार आहे. ही पायरी मी तीन वेळा केली. आक्काच्या पुस्तकाची प्रकरणं एकेक करून पेनड्राइव्हवरून उघडली आणि पहिली नि शेवटची ओळ वाचून पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. छापखान्यात प्रूफ तपासायचे तसंच तपासलं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे मला सगळ्यांनी निष्काळजी म्हटलं.

दुसरी पायरी: यंत्र चालू करताच एफ-बारा ही कळ दाबत राहा. मी एकदाच दाबली, दारावरची घंटा दाबतो तशी. विंडोज आली. बंद करून पुन्हा दाबली. पुन्हा विंडोज. तिसऱ्यांदा कळेवरचं बोट काढलंच नाही, टकटकवत राहिले, तेव्हा कुठे काळ्या पडद्यावर चार ओळी आल्या आणि त्यात पेनड्राइव्हचं नाव दिसलं. ते निवडलं. पांढऱ्या अक्षरांच्या रांगा खालून वर पळायला लागल्या. मी चष्मा पुसला. थोड्या वेळाने रंगीत पडदा आला आणि डाव्या हाताला भाषांची यादी आली. ती खाली सरकवत गेले तर तिच्यात मराठी होती, मराठीत लिहिलेली.

मला आनंद झाला असेल असं वाटेल. मला राग आला. जिथे तिथे मला ऐकवलं होतं की कॉम्प्युटरला इंग्रजी लागतं, तुम्हाला जमायचं नाही, मुलाला घेऊन या. बँकेत ऐकवलं, फॉर्म भरायच्या केंद्रात ऐकवलं. आणि इथे मराठी पहिल्याच पडद्यावर बसलेली, कोणी विचारत नाही म्हणून गप्प.

मी मराठी निवडली. मग तिथली मराठी वाचली आणि दुसऱ्या कारणाने चिडले. 'प्रतिष्ठापना करा' असं लिहिलेलं. प्रतिष्ठापना गणपतीची करतात. 'बसवा' हा शब्द या राज्यात प्रत्येकाला येतो. नळ बसवतात, दार बसवतात, नवरा लग्नात रुसून उठला तर त्यालाही समजावून बसवतात. पुढे 'विभाजन' आणि 'आरोह' असं काहीबाही. कोणीतरी फुकट, आपला वेळ घालून हे लिहिलंय, त्याचे उपकार आहेत. पण त्याला त्याच्या आईने कधी काही सांगितलं असेल तर ते असल्या भाषेत सांगितलं नसणार.

मग तो प्रश्न आला: डिस्क पुसून नवी प्रणाली बसवायची, की जुनीच्या शेजारी? भाऊंच्या कागदावर लिहिलं होतं, जागा कमी आहे, पुसून बसवा. मी फाइलींचा पेनड्राइव्ह कनवटीला आहे ना ते चाचपलं आणि पुसून बसवा म्हटलं. अर्धा तास लागला. यंत्राने स्वतःला बंद करून पुन्हा चालू केलं आणि इतक्या झटकन उघडलं की पंखा फिरतोय की नाही ते मी वाकून पाहिलं. दुकानदाराला फोन करून सांगावंसं वाटलं.

मी आक्काचं पुस्तक उघडलं.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं होती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. शब्द नव्हेत, नुसती अक्षरं, मोठी लहान एकमेकांत, मध्येच कंस, मध्येच टक्क्याची खूण. दुसरं प्रकरण उघडलं, तिसरं उघडलं, तेच. मराठीची एक वेलांटी कुठे नाही. मी पेनड्राइव्ह काढून पुन्हा घातला. मग दुकानदाराला फोन केला, वेगळ्या कारणाने. तो म्हणाला, "करप्ट झालं असेल. गेलं ते, आजी. म्हणून सांगत होतो नवीन घ्या."

भाऊंना पुण्याला फोन लावला. त्यांनी आधी मी थांबले नाही म्हणून दोन शब्द ऐकवले, मग काय दिसतंय ते विचारलं. मी पहिल्या ओळीतली अक्षरं वाचून दाखवली.

"ताई, फाँट घेतला होता का?"

"कुठला फाँट?"

"ज्यात तुम्ही टाइप करता तो. तो फाइलीत नसतो. तो डिस्कवर होता."

आणि डिस्क मी पुसली होती.

त्यांनी मला समजावलं ते असं. आमच्या छापखान्यात जे होतं ते खरं मराठी नव्हतंच. त्या काळी कॉम्प्युटरला मराठी येत नव्हती, म्हणून कोणी हुशार माणसांनी इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रं चढवली. मी 'क' ची कळ दाबली की यंत्र आपल्या मनात 'डी' लिहायचं आणि मला 'क' चं चित्र दाखवायचं. चित्रं फाँटमध्ये. फाँट गेला की खाली उरतो तो 'डी'. बहुरूपी पोलीस होऊन दारात येतो तसं. मी प्रत्येक फाइल तपासली होती, पण तपासली होती जुन्या यंत्रावर, जिथे सोंग अंगावर होतं.

फोन ठेवून मी खुर्चीत बसून राहिले. अकरा वर्षं मी त्या कॉम्प्युटरवर मराठी लिहीत होते असं मला वाटत होतं, आणि एक ओळ मराठीची लिहिलेली नव्हती. इंग्रजीचा एक शब्द येत नसलेल्या बाईने हजारो पानं इंग्रजी अक्षरांत लिहिली, आणि हे तिला कोणी सांगितलं नाही. मालकाने नाही, फाँट विकणाऱ्याने नाही. त्या फाँटांवर कित्येक छापखान्यांनी पोट भरलं. आणि खरा राग कोणाचा आला असेल तर माझा. सगळे कागद जपून बरोबर घेतले आणि खिळे मागे सोडून आले, अशी कंपोझिटर मी. असं आमच्या छापखान्यात नव्या मुलीने केलं असतं तर मी तिला खण पुसायला लावले असते.

एक प्रकरण मी मेलने पाठवलं आणि भाऊंनी पुण्यातून प्रयत्न केले. जुन्या फाँटातलं लिखाण नव्या, खऱ्या मराठीत बदलून देणारी सोय असते म्हणे. पण आमच्या फाँटचं नाव त्या यादीत नव्हतं. मालकाने कोणाकडून तरी छापखान्यापुरता जोडाक्षरं बदलून घेतलेला होता, आणि मालक आता नाही. दुसऱ्याच फाँटची सोय वापरून त्यांनी एक पान पाठवलं. काही शब्द बरोबर, मग रफार भलत्याच अक्षरावर, वेलांटी शेजारणीच्या घरात, जोडाक्षरांच्या जागी नुसते डाग. त्यापेक्षा ती इंग्रजी अक्षरं बरी वाटली. निदान ती खोटं बोलत नव्हती.

दोन दिवस मी आक्काकडे गेले नाही. तिसऱ्या दिवशी तीच भिंतीला हात लावत आली आणि विचारलं, "झालं का गं तुझं यंत्र?" मी म्हटलं, यंत्र झालं, पुस्तकाचं बघते. ती खाटेवर बसून राहिली. तिला काय सांगावं म्हणून मी पडद्याकडे बघत होते आणि माझी बोटं टेबलावर हलायला लागली. व्ही, के, मोठा डी, लहान डी, के. अ, काना, अर्धा क, पूर्ण क, काना. आक्का.

मी ते वाचलं होतं. डोळ्यांनी नव्हे, डोळ्यांना काही कळत नव्हतं. कुठल्या कळेखाली काय आहे हे बोटांना माहीत होतं. पुढचा शब्द असाच टेबलावर टाइप केला, तोही आला. पहिली ओळ लागायला बराच वेळ गेला, दुसरीला कमी. संध्याकाळपर्यंत एक पान झालं. आक्का जांभया देत ऐकत होती. तिला वाटलं, माझी नजरही तिच्यासारखीच चाललीय.

तेव्हापासून रोज दुपारी ती येते. मी डावीकडे ती इंग्रजी अक्षरं ठेवते, उजवीकडे नवं पान. एक वाक्य जुळवायचं, मोठ्याने म्हणायचं आणि खऱ्या मराठीत टाइप करायचं. त्यासाठी नवा कळफलक शिकावा लागला, कारण माझ्या बोटांना ठाऊक असलेला मला त्यात सापडला नाही. कळांवर कागदाचे तुकडे चिकटवून बहात्तराव्या वर्षी क ख ग शोधत बसले. डाव्या बाजूचं जुन्या बोटांनी वाचायचं आणि उजव्या बाजूचं नव्या बोटांनी लिहायचं. दिवसाला दोन पानं, फार तर तीन. एकशे दहा पानांना हा वेग पुरतो का, ते मी बोटावर मोजलं होतं. जेमतेम पुरत होता.

बारा तेरा पानं चांगली झाली. लहानपण, नदी, लग्न. आक्का मान डोलवायची. मग बांधकामाचं प्रकरण आलं. मी वाक्य जुळवलं आणि वाचलं: 'कामाच्या जागी स्त्रियांची सोय नसल्याने आमची फार अडचण होत असे. काही दिवसांनी मी ते काम सोडले.'

"हे कोन बोललं?" आक्काने विचारलं.

"तूच की."

"मी नाय बोलले असं. अडचन? अडचन तुला झाली लिवायला."

मी म्हटलं, अगं, अर्थ तोच आहे. ती खाटेवर सरळ बसली. झटक्यानंतर तिचं एवढं लांबलचक बोलणं मी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "आम्ही सकाळपासून पानी पीत नव्हतो. उन्हात विटा वाहायच्या आन् पानी प्यायचं नाय, कारन प्यालं तर जायचं कुठं? लयच झालं तर चार बायांनी लुगडी धरून आडोसा करायचा. तो मुकादम मुद्दाम तिथंच येऊन बिडी वढायचा. मी त्याला वीट घातली. मी काम नाय सोडलं. वीट घातली म्हनून काढलं मला. वीट कुठं गेली माझी?"

वीट कुठे गेली ते मला ठाऊक होतं. तिने सांगितलं त्याच दुपारी मी ती काढून टाकली होती. मला आठवत होतं. तिने सांगितलं, मी ऐकलं, माझ्या बोटांनी तिथल्या तिथे ते नीट केलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी म्हटलं, "आक्का, पुस्तकात असं लिहीत नाहीत."

"कोनाच्या पुस्तकात?"

मी भांडायलाच लागले. म्हटलं, चाळीस वर्षं मी लोकांची भाषा सुधारली, वकिलांनी माझे आभार मानले, तुझ्या 'लय' चं 'फार' केलं आणि 'नाय' चं 'नाही' केलं तर तुझी शोभाच झाली. विहारात शिकलेली माणसं बसणार, त्यांच्यापुढे लुगड्याच्या आडोशाचं वाचायचं का? ती म्हणाली, त्यांच्या आयांनीच धरला होता तो आडोसा, त्यांना विचार. आणि उठून, भिंतीला हात लावत, निघून गेली. मी तिला पोचवायला गेले नाही.

दोन दिवस मी रागावलेली होते. तिच्यावर, की रात्रंदिवस डोळे फोडून मी तिचं पुस्तक इंग्रजी अक्षरांतून उकरून काढतेय आणि तिला विटेची पडलीय. भाऊंवर, की त्यांनी फाँटचं कागदावर का लिहिलं नाही. भाऊंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले की ताई, निदान विटेचा चोर तुमच्या घरातच निघाला. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकटीनेच बसून पुढची पानं बोटांनी वाचत गेले. आता मी वेगळं वाचत होते. 'आम्हाला अपमानास्पद वागणूक मिळाली.' तिने हे सांगितलं तेव्हा शाळेतल्या एका बाईने तिच्या हातचं पाणी ओतून दिल्याचं सांगितलं होतं, पेला कुठल्या रंगाचा होता तेही. 'आर्थिक परिस्थिती बिकट होती.' तेव्हा तिने काय सांगितलं होतं ते मला आठवेना. मी खूप प्रयत्न केला. ते गेलेलं होतं. ते डिस्क पुसल्यामुळे गेलं नव्हतं.

मी तिच्या घरी गेले. ती सुनेने निवडायला दिलेली मेथी हातांनी चाचपत बसली होती. मी म्हटलं, चल, वीट घालायची आहे. तिने मेथी खाली ठेवली.

त्या दुपारी मी तिला विचारत गेले आणि ती बोलत गेली. मी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. 'लय' आलं तिथे 'लय' टाइप केलं. माझं बोट तीनदा 'फार' कडे गेलं, तीनदा मी ते मागे घेतलं. माझ्या हाताला हे पटत नाही अजून, आणि पटेल असंही वाटत नाही. एवढं एक पान लिहायला दोन दिवस लागले, म्हणजे माझा सगळा हिशेब कोलमडला. वर्षावास सुरू होईल तेव्हा निम्मं पुस्तकही झालेलं नसेल. हे मी तिला सांगितलं. सांगणं भाग होतं.

"किती व्हतील?" तिने विचारलं.

"चाळीसेक पानं."

"मग चाळीस वाचा," आक्का म्हणाली. "पर माझी."

विहारातल्या मंडळींना मी तसं कळवलं. त्यांच्यातल्या एकाने विचारलं की भाषा प्रमाण ठेवली आहे ना. मी म्हटलं, नाही ठेवली. त्यांनी वाचायचं नसेल तर आताच सांगावं. ते म्हणाले, वाचू.

विटेचं पान मी तिला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा म्हणाली, बिडी नव्हती, सिगारेट होती, मुकादम सायबाच्या सिगारेटी चोरायचा. मी बिडी काढून सिगारेट घातली. मग म्हणाली, "पुढं?"

मी पुढच्या पानावर गेले. डावीकडची अक्षरं बोटांनी चाचपत पहिलं वाक्य जुळवलं: 'पतीच्या निधनानंतर मी खंबीरपणे उभी राहिले.' हे मी तिला वाचून दाखवलं नाही. खुर्ची तिच्याकडे वळवली आणि विचारलं, "आक्का, तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू काय केलंस?"